दहावीनंतर भूगोल: सोनकच्छ परिसरातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की सोनकच्छ, टोंकखुर्द, बागली या भागातल्या घरांत विषयनिवडीचा निर्णय साधारण एकाच पद्धतीने होतो. गुण भरपूर असतील तर मॅथ्स किंवा बायो, मध्यम असतील तर कॉमर्स, आणि जे उरले त्यांनी आर्ट्स. आर्ट्समध्ये भूगोल घ्यायचा की नाही, हा प्रश्न तर कोणी विचारतही नाही. शाळेत जो गट चालू असेल तो पदरात पडतो. पवारांबरोबर देवास-धारला आणि होळकरांबरोबर इंदूरला आलेल्या मराठी कुटुंबांत मॅथ्सचा आग्रह आणखी तीव्र असतो, कारण पुण्याला जाऊन इंजिनिअर झालेला एखादा नातेवाईक बहुतेक घरांत उदाहरण म्हणून सांगितला जातो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला जमीन, पाणी, शेती, गावे आणि माणसांची ये-जा या गोष्टींत खरा रस आहे, त्याने अकरावीला भूगोल पहिल्या पसंतीने घ्यावा, उरलासुरला म्हणून नव्हे. माळव्यासमोरचे आजचे मोठे सार्वजनिक प्रश्न भूगोलाचे आहेत, आणि ते समजून घ्यायला लागणारे पुरावे सोनकच्छपासून सायकलच्या अंतरावर पडलेले आहेत. असा योग इतर फार थोड्या विषयांच्या वाट्याला येतो.

आधी निवड नेमकी कुठे करायची ते पाहू. दहावीपर्यंत भूगोल सामाजिक विज्ञानाचा भाग असतो आणि तो सर्वांना सक्तीचा असतो. अकरावीत तो स्वतंत्र ऐच्छिक विषय होतो. मध्य प्रदेश बोर्डाच्या शाळांत आणि सीबीएसईच्या शाळांतही एनसीईआरटीची पुस्तके चालतात. अकरावीला एक पुस्तक प्राकृतिक भूगोलाच्या मूलतत्त्वांचे असते आणि दुसरे भारताच्या प्राकृतिक पर्यावरणाचे. बारावीला मानवी भूगोल आणि भारतातील लोक व अर्थव्यवस्था येतात. दोन्ही वर्षी प्रात्यक्षिकाचे वेगळे पुस्तक असते, आणि सीबीएसईत शंभरपैकी तीस गुण त्या कामाचे असतात. पालकांनी ही पुस्तके एकदा उघडून पाहावीत. पृथ्वीचे अंतरंग, वातावरणाचे तापणे, वाऱ्यांचे पट्टे, नदीचे खनन आणि निक्षेपण हा निम्मा अभ्यासक्रम सरळसरळ विज्ञानाचा आहे, तर नकाशाचे प्रमाण, प्रक्षेपण आणि सरासरी हा गणिताचा. एकाच विषयात खडक, पाऊस, लोकसंख्या आणि बाजार एकत्र हाताळावे लागतात. आर्ट्स म्हणजे सोपे, अशी समजूत करून आलेल्या मुलाला हा विषय पहिल्या तिमाहीतच जड वाटू लागतो, आणि त्यात वाईट काही नाही.

आता पुरावे सोनकच्छचेच घेऊ. गाव कालीसिंध नदीच्या काठावर आहे. ही नदी देवास जिल्ह्यातच, बागलीकडे विंध्याच्या उत्तर उतारावर उगम पावते, सोनकच्छवरून उत्तरेला वाहत राजस्थानात जाते, झालावाडजवळ गागरोनच्या जलदुर्गाला वळसा घालते आणि चंबळेला मिळते. तिथून पाणी यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. पण त्याच देवास जिल्ह्यात विंध्याची धार ओलांडून दक्षिणेला कन्नौद, खातेगावकडे उतरले की पाऊस नर्मदेत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. बागलीच्या डोंगरावर काही पावलांच्या अंतराने पडलेल्या दोन सरी देशाच्या दोन टोकांच्या समुद्रांत जातात. जलविभाजक ही संकल्पना मुंबईच्या मुलाला पुस्तकातल्या आकृतीवरून शिकावी लागते. इथल्या मुलाला ती बसच्या खिडकीतून दिसते. शाळेने दाखवून दिली नाही तरी दिसते, फक्त काय पाहायचे ते कळायला हवे.

पाण्याची गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. माळवा म्हणजे पावलागणिक पाणी, अशी या प्रदेशाची जुनी ख्याती. तरीही १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या पुस्तकात देवासच्या या अवस्थेची नोंद केली आहे. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशाची ही वेळ का आली? उत्तर जमिनीखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला आणि माळव्याचे पठार त्याच खडकाचे आहे. या खडकात पाणी सर्वत्र मुरत नाही. वरचा झिजलेला थर, भेगा, आणि दोन प्रवाहांमधला सच्छिद्र पट्टा एवढ्यातच ते साठते. त्याखालचा अखंड खडक कोरडा असतो. वर काळी माती आहे, तीही ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. विहिरी सोडून लोक बोअरवर आले, बोअर पाचशे फुटांच्या पुढे गेले आणि जे पाणी मुरायला पिढ्या लागल्या ते काही वर्षांत उपसले गेले. नवे पाणी त्या वेगाने खाली जाणे या खडकात शक्यच नव्हते.

हेच कारण उलट बाजूने वापरले तर उपायही सापडतो. जी काळी माती पाणी मुरू देत नाही, तीच तळ्यात पाणी उत्तम धरून ठेवते. २००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने देवास जिल्ह्यात ‘भगीरथ कृषक अभियान’ सुरू झाले. मोठ्या जमिनीच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेताचा साधारण दहावा हिस्सा सोडून तिथे ‘रेवा सागर’ म्हणजे शेततळे खोदावे, असा आग्रह होता. सोनकच्छला लागून असलेल्या टोंकखुर्द भागात, टोंककलांसारख्या गावांत, एकामागून एक तळी झाली आणि जिल्ह्यात त्यांची संख्या काही हजारांवर गेली. जिथे फक्त पावसाळी सोयाबीन निघत असे तिथे गहू-हरभऱ्याला पाणी मिळू लागले. राज्य सरकारनेही पुढे बलराम तलाव योजनेतून अशा तळ्यांना अनुदान दिले. या सगळ्यात प्रशासकाची चिकाटी होती, शेतकऱ्यांचा पैसा होता, हे खरे. पण मुळाशी माती आणि खडक यांची समज होती. ती भूगोलाच्या अभ्यासातून मिळते. जिथे खालचा थर झिरपणारा असतो तिथे नुसते तळे खोदून हाच परिणाम मिळत नाही. ‘आमच्याकडे यशस्वी झाले, म्हणून सगळीकडे होईल’ हे म्हणण्यापासून भूगोल माणसाला वाचवतो.

दुसरे उदाहरण नदीजोडाचे. नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडणारी जोडयोजना २०१४ मध्ये कार्यान्वित झाली. त्यासाठी पाणी साडेतीनशे मीटरच्या आसपास वर चढवावे लागते. बारावीच्या मुलाला हा हिशेब कागदावर करता येतो: हजार लिटर पाणी इतके उंच न्यायला, पंपात काहीच वाया जात नाही असे धरले तरी, जवळजवळ एक युनिट वीज लागते; प्रत्यक्षात त्याहून जास्त. आता कालीसिंधही अशाच मोठ्या आराखड्यात आली आहे. पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पासाठी २८ जानेवारी २०२४ ला केंद्र सरकार, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्यात सामंजस्य करार झाला. कोणत्या खोऱ्यात किती पाणी खरोखर जास्तीचे आहे, धरणाखाली कुणाची जमीन जाईल, वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातून कमी होते का, हे प्रश्न सोनकच्छच्या आजूबाजूच्या गावांना पुढची अनेक वर्षे पडणार आहेत. बाजू कोणतीही घ्या, नकाशा वाचता येणारा माणूस ग्रामसभेत वेगळ्या वजनाने बोलतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की भूगोल म्हणजे पाठांतर: राजधान्या, नद्यांच्या लांब्या, कुठे काय पिकते. खालच्या वर्गांत तो पुष्कळदा तसाच शिकवला जातो, हे मान्य करायला हवे. पण वाईट शिकवणीवरून विषयाची किंमत ठरवायची तर गणितही पाढ्यांपलीकडे जाऊ नये. या विषयाचा गाभा पाहण्याच्या सवयीत आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे उज्जैनचे मराठी विद्वान, पेशाने चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ. १९५७ मध्ये आगगाडीच्या प्रवासात त्यांना भोपाळच्या दक्षिणेला डोंगरावर काही खडकांची रचना दिसली, युरोपातल्या चित्रगुहांच्या खडकांशी तिचे साम्य जाणवले, आणि त्यातून भीमबेटका जगापुढे आले. महिदपूरजवळच्या डोंगला गावी कर्कवृत्ताची जागा दाखवून देण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. वाकणकरांच्या त्याच गाडीतून हजारो प्रवासी रोज जात होते. भूरूप पाहून त्याचे कारण विचारणे, आणि त्या कारणावरून पुढे तिथे काय असू शकेल याचा अंदाज करणे, ही शिस्त शिकता येते, आणि अकरावी हे ती शिकायला चांगले वय आहे.

दुसरा आक्षेप आजकालचा आहे: नकाशे फोनमध्ये आले, आता भूगोल कशाला? फोन रस्ता दाखवतो. तो रस्ता तिथूनच का गेला, इंदूर-भोपाळ मार्गावरची गावे का वाढली आणि त्यापासून आत असलेले गंधर्वपुरीसारखे जुने, मूर्तींनी भरलेले नगर लहान खेडे का होऊन बसले, हे फोन सांगत नाही. शिवाय फोनमधला नकाशा कोणीतरी बनवतो. भूगोल आता उपयोगाचा नाही, असा निष्कर्ष याआधी फार मोठ्या ठिकाणी काढून झाला आहे. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ मध्ये आपला भूगोल विभाग बंद केला. त्याच विद्यापीठाला २००६ मध्ये भौगोलिक विश्लेषणाचे स्वतंत्र केंद्र उघडावे लागले, कारण साथीचे रोग, शहरे, निवडणुका असे कितीतरी अभ्यास नकाशावर मांडल्याशिवाय पुढे सरकेनात. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि सर्वेक्षणावरची जुनी बंधने सैल झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचे नकाशे करून लोकांना घराच्या मालकीची कागदपत्रे देण्याचे काम सुरू झाले, आणि सुरुवातीच्या राज्यांत मध्य प्रदेश होता. मुलांना हेही माहीत असावे की भारताच्या शास्त्रीय मोजणीचा मूळ बिंदू याच राज्यात आहे. विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळचे कल्याणपूर हे ठिकाण जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात आधारबिंदू ठरले, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचे अक्षांश-रेखांश तिथून मोजले जात होते.

तिसरा आक्षेप नोकरीचा, आणि त्याला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. नुसत्या बीए भूगोलाच्या पदवीवर नोकरी हातात येत नाही. येते ती भूगोलाला दुसरे एखादे कौशल्य जोडल्यावर. भूगोल आणि संगणकावरचे नकाशाशास्त्र, म्हणजे जीआयएस आणि दूरसंवेदन, हा एक जोड. भूगोल आणि बीएड हा दुसरा, कारण उच्च माध्यमिक वर्गांना भूगोलाचे शिक्षक लागतातच. भूगोल आणि अर्थशास्त्र-सांख्यिकी हा तिसरा, नियोजन आणि ग्रामविकासाच्या कामांसाठी. स्पर्धा परीक्षांचे म्हणाल तर केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत सामान्य अध्ययनात भूगोल आहेच, ऐच्छिक विषय म्हणूनही तो घेता येतो, आणि मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही राज्याचा भूगोल विचारला जातो. पण केवळ त्या परीक्षेच्या आशेवर अकरावीचा विषय निवडू नये. जागा मोजक्या, उमेदवार लाखांनी. परीक्षेतला फायदा हा वरकड समजावा. पुढच्या शिक्षणासाठी सागरच्या डॉ. हरीसिंह गौर विद्यापीठात सामान्य आणि उपयोजित भूगोलाचा जुना विभाग आहे, आणि दूरसंवेदनाच्या प्रशिक्षणासाठी देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. देवासहून सागर तर पुण्यापेक्षा जवळच आहे.

काही मुलांनी भूगोल निवडू नये, निदान आर्ट्समधून तरी, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. ज्याला हवामान खात्यात शास्त्रज्ञ व्हायचे आहे त्याला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ज्याला भूवैज्ञानिक व्हायचे आहे त्याला विज्ञान शाखा लागते, कारण भूविज्ञानाची पदवी तिथून सुरू होते. ज्याला शहरांचे नियोजन आवडते आणि भोपाळच्या नियोजन व वास्तुकला संस्थेत थेट बारावीनंतर जायचे आहे त्याला बारावीला गणित हवे; पदव्युत्तर नियोजनाला मात्र भूगोलाच्या एमएवाल्यांनाही वाट असते. विज्ञानाकडून भूगोलाकडे नंतर येता येते, आर्ट्सकडून विज्ञानाकडे परत जाणे फार अवघड. म्हणून ज्या मुलाचे मन खरोखर दोन्हीकडे समान ओढले जाते आणि ज्याला गणित जमते, त्याने आधी विज्ञान घेण्यात शहाणपण आहे. सीबीएसईच्या शाळेत गणित किंवा अर्थशास्त्राबरोबर भूगोल देता येतो का, हे विचारून पाहावे; राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शाखांमधल्या भिंती कमी करण्याचे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात काय मिळेल ते शाळेतल्या शिक्षकसंख्येवरच ठरते. उलट, गुण चांगले आले म्हणून मन नसताना मॅथ्समध्ये ढकललेले मूल दोन वर्षांत जे गमावते त्याचा हिशेब पालक फारसा मांडत नाहीत. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीने भूगोल घेतला तर गुण वाया गेले, ही समजूत सर्वांत आधी सोडावी. विषयाला हुशार मुले मिळाली नाहीत तर तो विषय हलका राहतो, आणि मग तो हलका आहे म्हणून हुशार मुले येत नाहीत.

शाळा ठरवताना प्रवेशाच्या आधी तीन गोष्टी थेट विचारा. भूगोलाला त्याच विषयाचा शिक्षक आहे की इतिहासाचे सर वेळ भरून काढतात? प्रात्यक्षिकाचे तास खरोखर होतात का, शाळेत स्थलदर्शक नकाशे, पर्जन्यमापक, साखळी-फीत आहेत का, की वर्षाअखेरीस फाइल उतरवून घेतात? भूगोलाबरोबर अर्थशास्त्र मिळते का? प्रायव्हेट फॉर्म भरण्याचा विचार असेल तर प्रात्यक्षिक कुठे आणि कोणाकडे होणार, हे फॉर्म भरण्यापूर्वीच लेखी समजून घ्या. शिक्षक चांगला आणि साधने कमी, अशी शाळा असेल तर ती बेलाशक निवडा. उलट परिस्थितीत मात्र देवासची शाळा गाठण्याचा विचार करावा, रोजचा बसप्रवास झेपत असेल तर.

साधनांची उणीव बऱ्याच अंशी घरून भरून निघते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर दाखवणारे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहचित्रे पाहता येतात, आणि क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. मे-जूनच्या सुट्टीत आपल्या तालुक्याचा नकाशा छापून घ्यावा, समोच्च रेषांवरून कालीसिंधला मिळणारे नाले शोधावेत आणि त्यांचे खोरे पेन्सिलीने आखावे. मग प्रत्यक्ष जाऊन पाहावे की नकाशावरचा नाला अजून वाहतो की त्यावर प्लॉट पडलेत. पावसाळ्यात सरळ कडांच्या भांड्यात रोज सकाळी ठरावीक वेळी पाऊस मोजावा, आणि घराजवळच्या दोन विहिरींची पाण्याची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजून वहीत लिहावी: एक शेततळ्याजवळची, एक दूरची. आईवडिलांनी मुलाला विहिरीच्या काठावर एकटे जाऊ देऊ नये, सोबत कोणी असावे. दिवाळीपर्यंत या नोंदींचा आलेख काढता येईल एवढी माहिती जमते, आणि बारावीच्या प्रात्यक्षिकातले आकडेवारीचे काम त्यावर उभे राहू शकते. ज्या मुलाला हे काम दोन-तीन आठवड्यांत कंटाळवाणे वाटेल त्याला विषय बदलायला प्रवेशाच्या मुदतीत अजून वेळ असतो, म्हणून हे अकरावीची शाळा सुरू होण्याची वाट न पाहता निकालाच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करावे.